घोडीने ‘बस’ म्हटल्यावर बसावं, पण घाबरून नव्हे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली चार वर्षांची मारवाडी घोडी, स्वभावाने गरीब, आणि तिने ‘बस’ म्हटलं की बसावं अशी तुमची इच्छा. जवळचा एक शिकवणारा म्हणतो, पुढचा पाय बांधून दोन दिवसांत बसवून देतो. तुमचे वडील म्हणतात, घोडीला पाडायचं नाही. पुढे तिला लग्नाच्या मिरवणुकीतही न्यायचा विचार आहे. यात कोणाचं ऐकू आणि दुसरा काही रस्ता आहे का, असं तुम्ही विचारलंय.

वडिलांचं ऐका. दुसरा रस्ता आहे, पण तो दोन दिवसांचा नाही. घोडी कशी आहे त्यावर दीड महिना ते चार महिने धरून चाला. मिरवणुकीचं मी शेवटी लिहितो, कारण तिथे माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. घोडीला बसायला शिकवावं लागत नाही, तिला ते येतंच. आंघोळ घातली, खोगीर उतरवलं, वाळू दिसली की ती स्वतःहून गुडघे टेकते आणि लोळते. प्रश्न एवढाच की माणूस शेजारी उभा असताना, माणसाने सांगितल्यावर ती ते करेल का. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. बसलेला घोडा पळू शकत नाही. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोड्याचं उलटं असतं, तो आधी पुढचे दोन्ही पाय समोर ताणतो, मान वर झोकतो आणि मग मागच्या पायांनी सगळं धूड वर ढकलतो. साडेतीनशे-चारशे किलोचं अंग उचलायचं तर त्याला समोर मोकळी जागा आणि दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात वाघाने गाठलं तर खेळ संपला, हे त्याच्या हाडात मुरलेलं आहे. म्हणून घोडा बहुतेक वेळ उभ्यानेच डुलकी घेतो. मागच्या पायाची रचनाच अशी की सांधा अडकवून तो कमी कष्टात उभा राहू शकतो. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला उभ्याने पुरेशी मिळत नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ तरी तो आडवा झालाच पाहिजे, आणि जिथे निर्धास्त वाटतं तिथेच तो आडवा होतो.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा: तुमची घोडी रात्री तुमच्या तबेल्यात बसते का? हे बघायला रात्र जागायला नको. सकाळी खरारा करायच्या, म्हणजे अंग घासून साफ करायच्या आधी तिच्याकडे नीट बघा. आयाळीत पेंढ्याची काडी अडकलीय का, पुठ्ठ्यावर (मागच्या भागावर) किंवा कुशीला लिदीचा हिरवट डाग आहे का, गालाच्या हाडावर भुसा चिकटलाय का. गालावर भुसा असेल तर ती डोकं टेकून पूर्ण आडवी झाली होती. यात्रेतून आणलेली घोडी पहिले काही आठवडे कित्येकदा बसतच नाही. जागा नवी, वास नवे, शेजारी ओळखीचं जनावर नाही. कधी दोर इतका आखूड बांधलेला असतो की तिला डोकंच टेकवता येत नाही. अशी घोडी उभ्या-उभ्या पेंगते, पुढे झोल जातो आणि पुढच्या पायांच्या सांध्यांवर खरचटल्याच्या खुणा दिसतात. तसं काही दिसलं तर शिकवणं बाजूला ठेवा. जागा मोठी करा, खाली जाड पेंढा घाला, पागेत सोबत द्या आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. जी घोडी एकटी असतानाही तुमच्याकडे बसत नाही, तिला तुमच्यासमोर बसायला सांगण्यात अर्थ नाही.

आता पाय बांधण्याबद्दल. ही रीत जुनी आहे आणि तिला नावलौकिकही होता. अमेरिकेतल्या ओहायोचा जॉन रेरी नावाचा माणूस 1858 मध्ये इंग्लंडला गेला आणि व्हिक्टोरिया राणीसमोर त्याने घोडे ताब्यात आणून दाखवले. क्रूझर नावाचा कुप्रसिद्ध घोडाही त्याने वश केला. पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा, दुसऱ्या पायाला दोर लावून तो ओढून घ्यायचा आणि घोडा दमून खाली बसेपर्यंत धरून ठेवायचं, ही त्याची पद्धत. घोडदळातही घोडे खाली पाडून त्यांच्या आडून गोळी झाडायला शिकवत. रेरी त्याच्या काळातल्या मारकुट्या लोकांपेक्षा पुष्कळ मवाळ होता, हे मान्य करायला हवं. पण आज आपण जे बघतो ते त्याचं नुसतं दोराचं टोक आहे. बाकीचा धीर आणि चुचकारणं गळून गेलंय.

मी हे ऐकीव सांगत नाही. वयाच्या विशीत मी स्वतः दोर धरलाय. उस्तादांनी सांगायचं आणि आम्ही पोरांनी ओढायचं. घोडा तीन पायांवर उड्या मारत राहतो, घामाने फेस येतो, मग एका क्षणी गुडघा टेकतो. लोक म्हणतात, ‘बघा, मानला’. त्या क्षणी त्याचं तोंड मी कितीतरी वेळा जवळून पाहिलंय. डोळा उघडा, पण कुठेच बघत नसतो. कान बाजूला लोंबलेले. हनुवटी दगडासारखी कडक. गाजर ओठाला लावलं तरी ओठ हलत नाही. हे शांत होणं नाही. काहीही केलं तरी सुटका नाही हे कळल्यावर जनावर धडपड सोडून देतं, तसं ते आहे.

त्याची किंमत पुढे मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी एक नुकरी, म्हणजे पांढरी घोडी माझ्याकडे आली. दुसरीकडे तिला दोराने बसवायला शिकवलं होतं आणि ती बसायचीही. तक्रार वेगळीच होती. नाल मारू देत नव्हती. नालबंदाने डावा पुढचा पाय उचलला की थरथरायची आणि एक तर धाडकन खाली जायची, नाहीतर मागच्या दोन पायांवर उभी राहायची. तिच्या लेखी ‘पाय वर’ म्हणजे ‘आता पाडणार’. नालबंदाच्या खांद्याला लागलं, तेव्हा मालक माझ्याकडे आले. तो एक पाय विनातक्रार हातात द्यायला तिला सात महिने लागले. दोन दिवसांत मिळालेल्या करामतीचा हिशेब असा.

कुठल्याही घोड्याला शिकवता येतं का? बरंचसं घोड्यावर आहे. चार वर्षांची निरोगी घोडी असेल तर हरकत नाही. गुडघ्याला, पाठीला किंवा मागच्या पायाला दुखणं असेल, वय झालं असेल, गाभण घोडीचे शेवटचे महिने असतील, तर मी करत नाही. पूर्वी कोणी पाडलेली असेल तर वेळ दुपटीने धरा. तुमची यात्रेतली आहे, म्हणजे मागचा इतिहास तुम्हाला पूर्ण माहीत नसणार. पुढचा पाय नुसता उचलून बघा, ती काय सांगते ते लगेच कळेल.

आणखी एक, शब्दांचा घोळ नको. ‘बसणं’ म्हणजे पाय दुमडून छातीवर बसणं, मान वर. ‘आडवं होणं’ म्हणजे कुशीवर पडून डोकं टेकणं. आपल्याला आधी बसणं हवंय. आडवं होणं ती पुढे मनाने देते, न दिलं तरी चालतं.

जागा आधी तयार करा. वीस बाय वीस फूट पुरे, वीतभर तरी मऊ वाळू, खडा एकही नाही. नदीची वाळू असेल तर चाळून घ्या. भिंत, कुंपण, खांब लांब असावेत, कारण उठताना तिला समोर आणि बाजूला जागा लागते. अंगावर खोगीर असता कामा नये, बसता बसता ती लोळली तर खोगीरही मोडेल आणि पाठही. तोंडात लगाम नको. डोक्याभोवती मऊ मोरखी आणि हातात सैल लांब दोर. दोर कशालाही बांधायचा नाही. तुमच्या वडिलांना बघायला उभं करा, पण दहा पोरं मोबाइल घेऊन उभी करू नका.

मग तिला एक खूण शिकवायची, ‘बरोबर, आता खाऊ मिळणार’ असं सांगणारी. आपल्याकडे जिभेने टक-टक केलं की घोडा चालायला लागतो, म्हणून तो आवाज यासाठी वापरू नका. मी आखूड ‘हां’ वापरतो, नेहमी एकाच सुरात. आधी दोन-तीन दिवस काहीच न करता ‘हां’ म्हणायचं आणि गाजराचा काप द्यायचा. ‘हां’ ऐकून ती तुमच्या हाताकडे बघायला लागली की समजलं. तोंडाने खिसे चाचपायला लागली तर हातातून न देता उथळ घमेल्यातून द्या. गूळ नको, द्यायचाच तर हरभऱ्याएवढा.

आता खरं काम, आणि यात कौशल्य आहे ते वाट बघण्याचं. उन्हाच्या वेळी हलकी दुडकी चालवून तिला थोडा घाम येऊ द्या, अंग गार झाल्यावर पाणी घाला आणि ओली असतानाच वाळूवर आणा. दोर सैल सोडा, तुम्ही दोन पावलं मागे, तिच्या खांद्याच्या बाजूला. ती वाळू हुंगेल. पायाने उकरेल. एक गिरकी घेईल, चारही पाय पोटाखाली गोळा करेल, पाठ थोडी वर येईल आणि गुडघे सुटतील. हा क्रम पाठ करा, पुढचं सगळं यावर आहे.

‘हां’ कधी म्हणायचं यावर नवखे लोक हमखास चुकतात. गुडघे वाकताक्षणी म्हटलंत, तर ती खाऊसाठी अर्ध्यातून उठेल आणि शिकेल ते अर्धंच. पोट वाळूला टेकलं की म्हणा. काप तिच्या नाकाजवळ खालीच न्या, म्हणजे घ्यायला उठावं लागणार नाही. जाताना पाठीच्या बाजूने जा. पायांच्या बाजूने कधीही नाही, दहा वर्षांची ओळख असली तरी नाही. पहिल्या दिवसांत तुम्ही हललात की ती उठेल. उठू द्या. दोर धरून खाली ठेवायचा मोह झाला तर आठवा की याच दोरासाठी वडिलांनी नको म्हटलं होतं.

हरिणी नावाची एक कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडी माझ्याकडे होती. सतरा दिवस ती माझ्यासमोर वाळूत बसली, पण मी पाऊल टाकलं की उठायची. मी फक्त ‘हां’ म्हणून घमेलं जिथल्या तिथे ठेवत राहिलो. अठराव्या दिवशी ती बसली, मी हललो, तिचा एक कान माझ्याकडे वळला, दुसरा समोरच. मी थांबलो. तिने नाकातून एक लांब फुरफुर सोडली आणि खालचा ओठ सैल झाला. मी मानेपाशी जाऊन उकिडवा बसलो, तेव्हा ती मान वळवून माझ्या गुडघ्यावरची वाळू हुंगत होती. त्या दिवशी मी आज्ञा वगैरे काही शिकवली नाही, तिथेच थांबलो. दोन आठवड्यांनी ती शब्दावर बसायला लागली. पायाला दोर न लावता बसलेली ती माझी पहिली घोडी.

ती रोज बसते आणि तुम्ही जवळ गेलात तरी राहते, हे झाल्यावरच शब्द जोडायचा. ती गिरकी घेऊन पाय गोळा करते तेव्हा, म्हणजे ती बसणार हे तुम्हाला आणि तिला दोघांना ठाऊक असताना, ‘बस’ म्हणा आणि छडीचं टोक जमिनीकडे करा. पंधरा-वीस वेळा असं झालं की शब्द थोडा आधी आणा, उकरताना. मग हुंगताना. मग आंघोळ न घालता, त्याच वाळूवर. घाई झाली आणि ती चुकायला लागली तर एक पायरी मागे या. शब्द चारदा ओरडू नका. तिला तो गोंगाट वाटतो आणि शब्द मरतो.

छडीने गुडघ्याला टोचून बसवण्याची पद्धत मला पसंत नाही. नालबंद, डॉक्टर, लहान मुलं, सगळ्यांचे हात गुडघ्याला लागतात. उद्या कोणी सहज हात लावला आणि ती बसली तर पाय त्याचा मोडेल. खूण अशी निवडा की ती चुकून कोणाकडून होणार नाही. आणि न सांगता बसली तर खाऊ नाही, रागावणंही नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. नाहीतर पाठीवर मूल असताना, ओढ्यातून जाताना ती स्वतःच्या मनाने बसेल. पाण्यात बसायची खोड बऱ्याच घोड्यांना आधीच असते, तिला बक्षीस मिळायला नको.

‘उठ’ हेही तितक्याच प्रेमाने शिकवा. आधी तीन सेकंद बसणं, मग पाच, मग दहा, आणि प्रत्येक वेळी ती स्वतः उठायच्या आत तुम्ही ‘उठ’ म्हणा आणि मागे सरा. थांबण्याची लांबी अशीच वाढते. दिवसातून दोन-तीन वेळा बसवलं की पुष्कळ झालं. चारशे किलोचं अंग वर-खाली करणं म्हणजे कसरत आहे. भरपेट दाण्यानंतर नको, आजारातून उठलेली असताना नको.

काही घोड्या माणसासमोर लोळतच नाहीत. त्यांना वाकण्यापासून शिकवतात, म्हणजे पुढचा एक पाय हाताने हलका उचलून वजन मागे न्यायला सांगायचं, बोटभर मागे गेली तरी ‘हां’, आणि महिन्याभरात गुडघा वाळूला. हे करता येतं, पण हाताखाली शिकल्याशिवाय करू नका, वाचून तर नाहीच. एका पायावर भलताच ताण येतो आणि घोडी घाबरली तर तुम्ही तिच्या खाली असता.

एक धोका मात्र ठळक सांगायचाय. बसायला शिकलेल्या घोडीचं पोट दुखायला लागलं की घरच्यांना ते कळत नाही. माझ्या एका ओळखीच्या घरी संध्याकाळी घोडी सहा वेळा बसली-उठली, आणि धाकटा मुलगा ‘बघा, स्वतःहून करते’ म्हणून कौतुकाने गाजरं पुढे करत होता. तिसऱ्या वेळेपासून ती गाजर घेत नव्हती, हे कोणी पाहिलं नाही. पोटशूळ होता. रात्री डॉक्टर आले, नळी घातली, नशिबाने वाचली. मजेत लोळलेली घोडी उठते आणि अंग झाडते, धूळ उडते, मग खायला तोंड घालते. दुखणारी उठते ती बहुतेकदा न झाडताच, वळून कुशीकडे बघते, वरचा ओठ मुडपते, घाम येतो, पुन्हा खाली जाते. न सांगता दोनदा बसली आणि खाऊ नाकारला, तर दाणा बंद करून लगेच डॉक्टरांना फोन. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

आता मिरवणूक. डांबरी रस्त्यावर, डीजेच्या भिंतीसमोर, पाठीवर नवरदेव किंवा पाठ रिकामी असली तरी, तिला बसवू नका. उन्हाळ्यात डांबर पोळतं, गुडघ्याची कातडी सोलवटते, आणि ज्या गोंगाटात कुठलाही घोडा पळायच्या तयारीत असतो तिथे तुम्ही तिला पळता न येणाऱ्या स्थितीत ठेवताय. ती बसलीच तर तुमच्या भीतीने बसेल, आणि मग वाळूवर महिनाभर जे कमावलं ते एका वरातीत गेलं. कायद्याचंही बघा. काटेरी लगाम प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांपासून बंद आहे, तरी वराती घोड्यांच्या तोंडात तो मी आजही बघतो. आणि पैसे घेऊन जनावराची करामत लोकांना दाखवायची असेल तर 2001 च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. मिरवणुकीत तिला चालू द्या, आवाजाची सवय महिनाभर आधी लांबून करून द्या. तेवढंही पुष्कळ काम आहे.

तेव्हा त्या शिकवणाऱ्याला नाही म्हणून कळवा आणि येत्या आठ दिवसांत काहीही शिकवू नका. रोज सकाळी खराऱ्याच्या आधी घोडीभोवती एक फेरी मारा आणि वहीत लिहा: आयाळीत काडी होती का, डाग डाव्या कुशीला की उजव्या, गालावर भुसा होता का. बऱ्याच घोड्यांची एक आवडती बाजू असते, तुम्हाला पुढे तीच बाजू धरून शिकवायचंय. आठ दिवसांची नोंद झाली की इथेच टाका, सोबत पुढचा पाय उचलल्यावर ती काय करते तेही. ते वाचून वाळूवर कधी आणायचं ते सांगतो.